कुर्डुवाडी: दोन गेजचं एक स्टेशन

पुण्याहून सोलापूरकडे जाताना कुर्डुवाडी येतं. दोन मिनिटं गाडी थांबते, चहावाले ओरडतात आणि आपण परत मोबाईलमध्ये डोकं घालतो. आज जरा याच स्टेशनवर उतरूया.

या स्टेशनचं जुनं नाव होतं ‘बार्शी रोड’. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथे उतरा! मुंबई-सोलापूर लाईन टाकताना बार्शीसारखी मोठी बाजारपेठ तीसेक किलोमीटर बाजूला राहिली होती. कापूस, धान्य, सगळं बैलगाडीने स्टेशनापर्यंत आणायचं.

यावर उपाय काढला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने. रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. पण त्याची खरी हुशारी वेगळीच होती. इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. जड इंजिनाला चाकं जास्त द्यायची, म्हणजे वजन वाटलं जातं. मग हलके, स्वस्त रूळही पुरतात. 1897 मध्ये ही ‘बार्शी लाईट रेल्वे’ सुरू झाली. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला. वारकऱ्यांसाठी कुर्डुवाडी म्हणजे पंढरीच्या वाटेवरचं गाडी बदलायचं ठिकाण झालं.

आता यातली गोची बघा. कुर्डुवाडीत दोन गेज भेटायचे, पण जुळायचे नाहीत. ब्रॉडगेजचा डबा बार्शीच्या रुळावर चढूच शकत नव्हता. त्यामुळे प्रत्येक पोतं इकडे उतरवायचं आणि तिकडे चढवायचं. लाईन टाकताना वाचवलेले पैसे पुढे वर्षानुवर्षं हमालीत जात राहिले. 1954 मध्ये रेल्वे सरकारकडे आली, तरी गेज तोच राहिला. 2000 नंतर कुठे टप्प्याटप्प्याने सगळी लाईन ब्रॉडगेज झाली.

याने काय फरक पडला? एप्रिल 2016 आठवा. लातूरचे नळ कोरडे पडले होते. तेव्हा मिरजेहून ‘जलदूत’ निघाली. पहिल्या फेरीत 10 वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत सुमारे 340 किलोमीटर जाऊन ती लातूरला पोचली. कॅलथ्रॉपच्याच जुन्या वाटेने, पण रुंद रुळांवरून. गेज बदलला नसता तर कुर्डुवाडीत ते पाणी कुठे आणि कसं उपसलं असतं, विचार करा.

पण कॅलथ्रॉपला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. स्वस्त लाईन नसती, तर कदाचित या भागात लाईनच आली नसती. रुंद करायला आधी वाट तरी असावी लागते ना!

पुढच्या वेळी कुर्डुवाडी आली की मोबाईल खिशात ठेवा. दोन मिनिटं का होईना, खिडकीतून बाहेर बघा. भेटू पुढच्या भागात!