कंपाइल-दोष निवारण, स्टँडर्ड लायब्ररी बदलानंतरचे

स्टँडर्ड लायब्ररीची आवृत्ती बदलल्यामुळे कंपायलरने नाकारलेला जुना कोड नव्या नियमांत बसवण्याची क्रिया. सी++ चे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आले (पहा : सी++) आणि ‘आयोस्ट्रीम.एच’ या हेडर फाइलची जागा ‘आयोस्ट्रीम’ने घेतली, तरी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत टर्बो सी++ या कंपायलरवर जुनीच पद्धत बरीच वर्षे शिकवली गेली. असा प्रोग्रॅम जीसीसी या कंपायलरच्या ४.३ (२००८) आवृत्तीपासून पुढे पहिल्याच ओळीत अडतो, कारण जुन्या हेडर त्यातून काढून टाकल्या आहेत.

जीसीसी १३ (२०२३) मधील अडचण अधिक सूक्ष्म आहे. लायब्ररीच्या काही हेडर ‘सीस्टडइंट’ ही हेडर आपोआप ओढून आणत. ते थांबताच तिच्यातील पूर्णांक-प्रकार अनोळखी ठरले. दोष लायब्ररीचा नव्हे. प्रमाणाने कधीच न दिलेल्या सोयीवर कोड विसंबला होता. म्हणून लागणारी प्रत्येक हेडर स्वतः लिहिणे हाच टिकाऊ उपाय. जुनीच आवृत्ती ठेवावी, हा आक्षेप तात्पुरता रास्त असला, तरी त्यामुळे सुरक्षा-दुरुस्त्याही अडतात (पहा : आवृत्ती-व्यवस्थापन). मात्र रस्ट या भाषेच्या १.८० (२०२४) आवृत्तीत लायब्ररीत भर पडल्यानेच प्रकार-अनुमान संदिग्ध झाले आणि ‘टाइम’ पॅकेजच्या जुन्या आवृत्त्या कंपाइल होईनात; तेथे पॅकेज अद्ययावत करणे हाच मार्ग उरला.