निवृत्त कोंबड्यांना परसदारी आसरा

ब्रिटनमधील व्यावसायिक कुक्कुटपालन केंद्रांत कोंबडी साधारण ७२ आठवड्यांची झाली, की अंड्यांचे प्रमाण घटू लागल्याने तिची रवानगी सहसा कत्तलखान्यात केली जाते. अशा कोंबड्यांना घरगुती आसरा मिळवून देण्यासाठी जेन हॉवर्थ यांनी २००५ मध्ये स्थापन केलेल्या 'ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट'ने आतापर्यंत दहा लाखांहून अधिक कोंबड्यांचे पुनर्वसन केले आहे.

कोंबडी कळपाने राहत असल्याने नवख्या पालकांनी किमान तीन कोंबड्या एकत्र घ्याव्यात. कोल्ह्यापासून सुरक्षित खुराडे, योग्य खाद्य व स्वच्छ पाणी यांची सोय आधीच करावी. पिसे झडलेली आणि तुरा फिकट असला, तरी घाबरून जाऊ नये. नवी पिसे हळूहळू येतात. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांना सायंकाळी खुराड्यात परतण्याची सवय नसते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस त्यांना उचलून आत ठेवावे लागते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी बंधनकारक आहे. या कोंबड्या किती काळ अंडी देतील, याची शाश्वती नसते. अंडी थांबल्यावरही त्यांचा सांभाळ करण्याची तयारी असेल, तरच ही जबाबदारी स्वीकारणे योग्य ठरते.