सर्पगंधा, रिसर्पीन आणि मात्रेचा प्रश्न

रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात सर्पगंधेचा वृत्तांत बहुधा गौरवाच्या भूमिकेतून सांगितला जातो. भारतीय वनस्पती, तिच्या मुळीचा परंपरागत उपयोग आणि पुढे पाश्चात्त्य वैद्यकाने तिला दिलेली मान्यता, या क्रमाने मांडलेली ही हकीकत सुखद वाटते; परंतु या औषधाने ज्यांना अपाय झाला, त्या रुग्णांना तीत स्थान नसते. प्रस्तुत टिपणात या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचे योजिले आहे. सर्पगंधेचा गुण आणि तिचा धोका ही एकाच क्रियेची दोन रूपे होत, त्यांमधील सीमा मुख्यतः मात्रेने ठरते, आणि या गोष्टीचे सूचन जुन्या उपयोगातच होते, असे या इतिहासावरून दिसून येते.

सर्पगंधेची मुळी आपल्या देशात सर्पदंशावर, निद्रानाशावर व उन्मादावर दिली जात असे. बिहारात तर तिला ‘पागल की दवा’ असेच नाव होते. इ. स. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यात उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांवरील औषध म्हणून तिचा निर्देश आहे. त्याच वर्षी दिल्लीस सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमलखान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. मन शांत करणारी आणि रक्तदाब उतरविणारी मुळी एकच आहे, हे या संशोधकांना ठाऊक होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

इ. स. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील आपले निरीक्षण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या मुळीकडे वेधले. बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी ती वापरून पाहिली. इ. स. १९५२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी रिसर्पीन हे शुद्ध द्रव्य मिळविले. मुळीच्या चूर्णात औषधी द्रव्याचे प्रमाण कमीअधिक असावयाचे. आता ते मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागले. हा लाभ निःसंशय मोठा होता. परंतु मोजता येणारी मात्रा वाढविणेही तितकेच सुलभ असते. इ. स. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णांवर रिसर्पीनचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध झाले. अशा रीतीने एकच द्रव्य रुग्णालयाच्या दोन विभागांत दोन निरनिराळ्या नात्यांनी वावरू लागले.

त्याच वर्षी एडवर्ड फ्राइस यांनी एक इशारा दिला. रक्तदाबासाठी मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र विषण्णतेने ग्रासले होते. याचे कारण पुढील संशोधनाने उलगडले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन, सिरोटोनिन इत्यादी द्रव्यांचा जो साठा असतो, तो रिसर्पीनमुळे रिता होतो. रक्तवाहिन्यांच्या ठिकाणी असे झाले म्हणजे रक्तदाब उतरतो. मेंदूत झाले म्हणजे मन मंदावते आणि मात्रा अधिक असल्यास कंपवातासारखी लक्षणेही उद्भवतात. नाक चोंदणे, नाडी मंद होणे व जठरातील आम्ल वाढणे हे उपद्रवही त्याच क्रियेतून उत्पन्न होतात. साठा पुन्हा भरून येण्यास अवधी लागत असल्यामुळे औषध थांबविल्यावरही परिणाम काही काळ टिकतो. उन्मादाचा वेग ओसरविणारी मुळी स्वस्थ मनालाही खाली ओढू शकेल, हे अनुमान जुन्या उपयोगावरून करता येण्याजोगे होते.

विशेष हे की, इशारा देणाऱ्या फ्राइस यांनी औषधाचा त्याग केला नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून जे परीक्षण झाले, त्यात रिसर्पीनची मात्रा दिवसाकाठी ०.२ मिलिग्रॅम इतकी अल्प असून जोडीला हायड्रोक्लोरोथायाझाइड व हायड्रॅलाझीन ही औषधे होती. इ. स. १९६७ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निरौषध गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर प्रसंग घडले, तर औषध घेणाऱ्या ७३ जणांत केवळ दोन. रक्तदाबावर उपचार केल्याने प्राण वाचतात, याचा हा पहिला भक्कम पुरावा होय. आणि त्यात रिसर्पीनचा वाटा होता.

इ. स. १९७४ मध्ये या औषधाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका ‘लॅन्सेट’मधील तीन निबंधांनी उपस्थित केली. पुढील अभ्यासांनी तिला पुष्टी मिळाली नाही. तथापि तोवर नवी औषधे आली होती आणि रिसर्पीन मागे पडले. आज ते क्वचितच दिले जाते. पूर्वी विषण्णता येऊन गेलेल्यांना व जठरव्रण असलेल्यांना ते वर्ज्य आहे. डिजिटॅलिस घेणाऱ्यांना हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभव असल्याने विशेष सावधगिरी लागते.

हा इतिहास पाहता दोन प्रचलित समजुती टिकत नाहीत. मुळी वनस्पतिज आहे म्हणून निरुपद्रवी, ही एक. आणि रिसर्पीन हे मुळातच घातक म्हणून टाकून दिलेले औषध, ही दुसरी. पहिल्या समजुतीपायी आजही रक्तदाबाचा रुग्ण वैद्यास न कळविता चालू औषधांच्या जोडीला सर्पगंधेचे चूर्ण घेऊ शकतो, आणि त्याने किती रिसर्पीन घेतले हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. म्हणून औषधाचा इतिहास लिहिणाऱ्याने ते कोणी शोधले एवढ्यावर न थांबता, ते कोणाला, किती व किती काळ दिले गेले, हेही नोंदविणे अगत्याचे आहे.