एकच षटकार

परभणीच्या एस.टी. स्टँडवर पुस्तकांच्या स्टॉलवर 'एकच षटकार' यायचा. लहानपणी मी तो उभ्याउभ्याच वाचून काढायचो :-) संपादक संदीप पाटील. वर्ल्ड कप जिंकलेला माणूस आपल्यासाठी मराठीत अंक काढतो, याचंच केवढं अप्रूप!

गेल्या महिन्यात मला प्रोजेक्टवरून काढलं, तेव्हा पाटील आठवला.

जानेवारी १९८१, सिडनी. पास्कोचा बाउन्सर कानावर बसला, पठ्ठ्या आडवा. पुढच्याच कसोटीत, अ‍ॅडलेडला, १७४! १९८२, मँचेस्टर. विलिसच्या एका षटकात सहा चौकार, नाबाद १२९. १९८३ च्या सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध नाबाद ५१.

मग डिसेंबर १९८४. दिल्लीत इंग्लंडविरुद्ध कसोटी वाचवायची होती आणि हा उंच फटका मारून झेलबाद. पुढच्या कसोटीला डच्चू. त्याच कसोटीत, कोलकात्याला, अझरुद्दीन नावाच्या नव्या पोरानं पदार्पणात शतक ठोकलं. झालं, पाटील पुन्हा कसोटी खेळला नाही. वय फक्त २८.

उंच फटक्यापायी कसोटीतून गेलेला माणूस संपादक होता, तो 'एकच षटकार'चा! मला यात थोडा मिश्कीलपणा दिसतो.

पण तो रुसून बसला नाही. अंक काढले, 'सँडी स्टॉर्म' हे आत्मचरित्र लिहिलं, कॉमेंट्री केली. कोच म्हणून तर केनियाला २००३ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलपर्यंत नेलं.

असो. सोमवारी बायोडेटा लिहायला घेतोय.