दुसऱ्या ड्राइव्हची गोष्ट

जुना डेस्कटॉप पीसी आठवतोय? राखाडी किंवा बदामी रंगाचं उभं कॅबिनेट (ज्याला आपल्याकडे सगळे बिनधास्त 'सीपीयू' म्हणायचे), वरच्या बाजूला सीडी ड्राइव्ह आणि त्याखाली एक-दोन प्लास्टिकची झाकणं. ती झाकणं कशासाठी, असा प्रश्न लहानपणी पडला असेल तर उत्तर सोपं आहे: दुसऱ्या ड्राइव्हसाठी. पण एका सीडीला दोन ड्राइव्ह कशाला लागावेत? या प्रश्नाच्या मागे लागलं की पीसीचा बराच इतिहास हाताला लागतो. आजचा शनिवार त्यात गेला, म्हणून हा पोस्टप्रपंच.

सुरुवात सीडीच्या आधीपासून करायला हवी. त्या झाकणामागचा सव्वापाच इंची कप्पा मुळात सीडीसाठी नव्हताच. १९७६ साली शुगार्ट कंपनीने सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह आणला, त्याच्या रुंदीचा हा वारसा. १९८१ च्या आयबीएम पीसीला असे दोन ड्राइव्ह बसायचे, 'ए' आणि 'बी'. एकात प्रोग्रॅमची फ्लॉपी, दुसऱ्यात आपल्या फाइल्सची. एकच ड्राइव्ह असेल तर डॉस त्यालाच आळीपाळीने 'ए' आणि 'बी' समजायचं आणि माणूस फ्लॉप्या काढ-घाल करत बसायचा. हार्डडिस्क आजही 'सी'पासून सुरू होते ती यामुळेच. पहिली दोन अक्षरं आधीच बुक झाली होती. म्हणजे 'कॉपी करायची तर दोन ड्राइव्ह हवेत' हा विचार सीडीपेक्षा जुना आहे.

सीडी आली १९८२ मध्ये, गाण्यांसाठी. फिलिप्स आणि सोनीचं ते अपत्य. डेटा साठवायचं सीडी-रॉमचं प्रमाण पुढच्याच वर्षी ठरलं, पण ड्राइव्ह पीसीला जोडायचा कसा हे मात्र कुणी नीट ठरवलं नाही. नव्वदच्या सुरुवातीला सोनी, पॅनासॉनिक, मित्सुमी अशी ज्याची त्याची वेगळी केबल होती. ड्राइव्ह बहुतेक वेळा साउंड कार्डाला जोडला जायचा, आणि साउंड ब्लास्टर १६ च्या काही कार्डांवर तर या तिघांसाठी तीन वेगवेगळे कनेक्टर होते! दुसरा ड्राइव्ह वगैरे सोडाच, पहिला लागला तरी पेढे वाटायचे दिवस.

मग आयडीई. ही केबल हार्डडिस्कसाठी जन्मली, १९८६ च्या आसपास, वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅकच्या पुढाकाराने. ४० पिना, एका केबलवर जास्तीत जास्त दोन डिस्का. १९९४ मध्ये वेस्टर्न डिजिटलने 'एन्हान्स्ड आयडीई' आणलं आणि दोन केबली, चार उपकरणं असा हिशोब झाला. पण आयडीईच्या भाषेत 'हा सेक्टर वाच', 'तो लिही' एवढंच होतं. 'ट्रे बाहेर काढ' किंवा 'चौथं गाणं वाजव' असं सांगायची सोयच नव्हती. यावर तोडगा म्हणजे अटापी: स्कझीच्या तयार आज्ञा १२ बाइटच्या पाकिटात घालायच्या आणि आयडीईच्या तारेवरून पाठवायच्या. जुगाडच म्हणायचा, पण अफलातून. सीडी ड्राइव्ह स्वस्त झाले ते बऱ्याच अंशी यामुळे.

आता खरी भानगड. एका केबलवर दोन उपकरणं असतील तर कोण कुठला हे ओळखायला मागे छोटा जंपर असायचा: मास्टर, स्लेव्ह आणि केबल सिलेक्ट. दोन्ही मास्टर ठेवले तर बहुतेक वेळा बायोसला धड काहीच दिसायचं नाही. गंमत म्हणजे यात मास्टर कुणाचा मालक नसतो. मदरबोर्डाकडून येणारी आज्ञा दोघांच्याही रजिस्टरमध्ये पोचते, त्यात एक बिट असतो, तो ० असेल तर एकाने ऐकायचं, १ असेल तर दुसऱ्याने. बस्स. नंतरच्या प्रमाणांत 'डिव्हाइस ०' आणि 'डिव्हाइस १' अशी साधी नावं आली, पण ड्राइव्हवरच्या स्टिकरवर जुनीच टिकली. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने आपल्या पुरवठादारांना 'मास्टर-स्लेव्ह' ही लेबलं टाळायला सांगितलं तेव्हा जगभर बरीच थट्टा झाली. मला विचाराल तर ज्या देशात गुलामगिरी कायद्याने चालत होती तिथे एखाद्याला हे शब्द टोचले तर नवल नाही. त्यात तांत्रिकदृष्ट्याही ते चुकीचेच होते, मग कवटाळून बसायचं तरी कशाला?

असो. तर दोघांची तार एक, आणि एका वेळी एकाचंच काम. पहिल्याला दिलेली आज्ञा पुरी होईपर्यंत दुसऱ्याने गप्प बसायचं. हार्डडिस्क आणि सीडी-रॉम एवढंच असेपर्यंत हे खपून गेलं. सीडी रायटर आला आणि ते महागात पडायला लागलं, अगदी पैशांत.

लिहिता येणाऱ्या सीडीचं प्रमाण १९९० चं. १९९५ मध्ये एचपीने हजार डॉलरच्या आतला रायटर आणला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तो हळूहळू घरापर्यंत पोचला. सीडीची कॉपी काढायची तर एका रायटरवर आधी सगळी ६५० एमबी हार्डडिस्कवर उतरवायची, मग कोरी सीडी घालून लिहायची. पण हार्डडिस्कच दोन-चार जीबीची, तर ६५० एमबी मोकळी आणायची कुठून? म्हणून जुना सीडी-रॉम काढायचा नाही, त्याच्या शेजारी रायटर बसवायचा. एकातून वाच, दुसऱ्यात लिही. 'ए' आणि 'बी'च पुन्हा.

इथे थोडं गणित करू. सीडीचा एकपट वेग सेकंदाला १५० केबी. चौपट वेगाने लिहायचं तर ६०० केबी. रायटरच्या पोटात दोन एमबीचा बफर असेल तर साठा साधारण साडेतीन सेकंदांचा. लेझर सर्पिल रेघ सलग लिहीत जातो, मध्ये थांबायची सोय नाही. आता वाचणारा ड्राइव्ह त्याच केबलवर आहे आणि सीडीवर एक चरा आला. तो बिचारा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतोय, चार सेकंद, पाच सेकंद... तोवर रायटरला तारच मोकळी नाही. बफर रिकामा, सीडी बाद. ती चहाचा कप ठेवायच्या कामाची, आणि इंग्रजीत तिला नावही तेच पडलं: कोस्टर. कोरी सीडी महाग होती तेव्हा हे चांगलंच झोंबायचं.

म्हणून जाणकारांचा नियम झाला: वाचणारा आणि लिहिणारा एका केबलवर ठेवू नका. म्हणजे रायटर दुसऱ्या केबलवर मास्टर, आणि सीडी-रॉम पहिल्या केबलवर हार्डडिस्कचा स्लेव्ह. कागदावर छान! पण काही जुन्या कंट्रोलरांना एका केबलवरच्या दोघांसाठी वेगवेगळा वेग ठेवताच यायचा नाही, त्यामुळे संथ सीडी-रॉममुळे हार्डडिस्कही रखडायची. 'दोघं नेहमीच हळू ड्राइव्हच्या वेगाने चालतात' हा समज यातूनच आला आणि कंट्रोलर सुधारल्यावरही वर्षानुवर्षं टिकला. त्यात केबलची लांबी नियमाने १८ इंच, म्हणजे सेहेचाळीस सेंटीमीटर. हार्डडिस्क कॅबिनेटच्या तळाशी, सीडी-रॉम वरती, आणि केबल पोचेना. मग सगळंच वर-खाली करा.

केबलचा हा वाद बऱ्याच अंशी मिटवला तो सान्योने. २००० साली त्यांचं 'बर्न-प्रूफ' आलं: बफर संपत आला की लेझर थांबायचा, जागा लक्षात ठेवायचा आणि डेटा आला की तिथूनच पुढे लिहायचा. थोड्याच काळात जवळजवळ सगळ्याच रायटरांत अशी सोय आली.

तरी दुसरा ड्राइव्ह गेला नाही. एक कारण डीव्हीडी. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. घरी लिहिलेल्या सीडीतला रंग ७८० वरच प्रकाश नीट परतवतो, त्यामुळे पहिल्या पिढीच्या डीव्हीडी ड्राइव्हना बाजारातली छापील सीडी वाचता यायची, पण आपणच लिहिलेली नाही! मग जुना ठेवणं भाग. पुढे ड्राइव्हमध्ये दोन लेझर आले आणि तो त्रास संपला. दुसरं कारण अगदी आपल्याकडचं, व्हीसीडी. एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणजे सिनेमा दोन डिस्कांचा, हिंदी असेल तर कधी तीन. दोन ड्राइव्ह असले की मध्यंतरात उठायला नको. आवाजाची तेवढी पंचाईत. ड्राइव्हपासून साउंड कार्डाला जाणारी चार पिनांची बारीक केबल साधारणपणे एकाच ड्राइव्हला लावलेली असायची, त्यामुळे गाण्यांची सीडी दुसऱ्यात घातली की फिरायची, पण मुकी. (व्हीसीडीचा आवाज डेटातूनच येतो, म्हणून तिला हा त्रास नव्हता.)

कोऱ्या सीड्या आपल्याकडे स्वस्त झाल्या त्यात मोझर बेअरचा वाटा मोठा. १९९९ मध्ये या भारतीय कंपनीने सीडी-आर बनवायला घेतल्या आणि ती जगातल्या मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. २०१८ मध्ये तिचं दिवाळं निघालं. तोवर पेन ड्राइव्हने सीडीचं काम उरकलं होतं.

केबलची कटकट २००३ पासून साटाने संपवली: एक उपकरण, एक केबल, जंपर नाही. २००६ मध्ये इंटेलने आपल्या आयसीएच ८ चिपमधून आयडीई काढूनच टाकलं. आजच्या बहुतेक कॅबिनेटला सव्वापाच इंची कप्पाही नसतो.

पण घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या, सहलींच्या लिहिलेल्या सीड्या अजून पडून आहेत, आणि त्यातला रंग वर्षागणिक खराब होतोय. अशा वेळी दोन ड्राइव्ह पुन्हा कामाला येतात. एका ड्राइव्हला न वाचता आलेला भाग दुसरा कधी कधी सहज वाचतो, कारण प्रत्येकाचा लेझर आणि चुका दुरुस्त करायची पद्धत थोडी वेगळी असते. जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्रॅम कुठले सेक्टर राहिले त्याची नोंद ठेवतो. मग तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त उरलेले सेक्टर वाचायला सांगता येतं. माळ्यावरचा आयडीई ड्राइव्हही चालेल, त्यासाठी यूएसबी अडॅप्टर मिळतो. १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अडॅप्टर मात्र लागेल, आणि मागचा जंपर मास्टरवर ठेवा, स्लेव्हवर असला तर बरेच अडॅप्टर त्याला ओळखत नाहीत.