देणारे तरी कुठे श्रीमंत होते?



पांढुर्णा-सौंसर भागात मिशनसाठी दान गोळा करण्याचा विषय निघाला की आम्ही सवयीने म्हणतो, "ते परदेशातले श्रीमंत, त्यांनी दिलं. आपण गरीब, आपण कुठून देणार?" परंतु आपला इतिहास वेगळेच सांगतो.

सौंसर हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे गाव. दक्षिणेला नागपुरात स्कॉटलंडहून मिशनरी आले, उत्तरेला छिंदवाड्यात स्वीडनहून. ते कोणत्या परिस्थितीतून आले, हे आपण क्वचितच विचारतो.

मंडळीवर तिच्या इच्छेविरुद्ध पाळक लादला जाऊ नये, या तत्त्वासाठी १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत चारशेहून अधिक पाळकांनी सरकारमान्य चर्च सोडले. पगार गेला, राहती घरे गेली, मंदिरे गेली. अनेक मंडळ्या उघड्यावर उपासना करू लागल्या. पाळकांच्या निर्वाहासाठी सामान्य माणसांकडून आठवड्याला एकेक पेनी गोळा होऊ लागली. अशा फ्री चर्चने दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरला पाठवले. त्यांनी शाळा काढली, गोंड बांधवांची भाषा व चालीरीती अभ्यासल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरी नदीच्या पुरात ते बुडाले. आजही हिस्लॉप कॉलेज त्यांचे नाव सांगते.

स्वीडनची कथाही तशीच. १८६७ ते १८६९ या काळात तेथे पिके बुडाली, लोक उपाशी राहिले, हजारो कुटुंबे अमेरिकेला निघाली. त्याच दशकात तिथल्या सुवार्ता मिशनने आपले पहिले सेवक आफ्रिकेला पाठवले आणि १८७७ मध्ये आपल्या मध्य प्रांतात काम सुरू केले. छिंदवाड्यात मुख्यालय असलेले इव्हँजेलिकल लुथरन चर्च त्याच कामातून उभे राहिले. स्वीडन श्रीमंत झाला, तो पुष्कळ नंतर.

देणाऱ्यांत धनिक नव्हतेच असे नाही, आणि ब्रिटिश साम्राज्याची सावलीही होती. देणारा ठरवणार आणि घेणारा मान डोलावणार, ही रीतही त्यातूनच पडली. १९१० च्या एडिंबरो परिषदेत तमिळ सेवक व्ही. एस. अझरिया यांनी हे तोंडावर सांगितले. तुमच्या त्यागाबद्दल आभार, पण आम्हाला मैत्री हवी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तसे सांगण्याचा त्यांना अधिकार होता. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापणाऱ्यांत ते होते. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, हा त्या संस्थेचा नियम होता.

म्हणजे भागीदारी हातात पैसा आल्यावर सुरू होत नाही. आपणही देऊ लागलो की ती सुरू होते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या स्वतः अत्यंत दरिद्री होत्या, तरी यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी देण्याची संधी मिळावी म्हणून त्यांनीच विनवणी केली.

म्हणून यंदा संत्र्याचा बहार उतरेल, कापूस विकला जाईल, मजुरीचा हप्ता हाती येईल, तेव्हा आम्ही एक छोटा वाटा आधी बाजूला काढणार आहोत. तो आपल्या मंडळीच्या छपरासाठी नसेल. ज्यांना आम्ही कधी पाहिले नाही, अशा लोकांसाठी असेल. आपणही घरी प्रार्थनेत हा विचार करावा. आपल्यासाठीही कोणीतरी, आपल्याला न पाहताच, एक पेनी बाजूला ठेवली होती.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.