रायापूरच्या जुन्या घरांची कुळकथा

धारवाड आणि हुबळी या दोन शहरांच्या मधोमध, जुन्या पुणे-बेंगळूर रस्त्यालगत रायापूर वसले आहे. हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. जागेला भाव आला तशी कौलारू, मातीच्या भिंतींची घरे एकामागून एक उतरविली जात आहेत, आणि घराबरोबर माळ्यावरची कागदांची बोचकीही नाहीशी होत आहेत. आपल्या महाजन कुळांपैकी ज्यांचे पूर्वज घाट चढून या मुलखात आले, त्यांना ‘आमचे मूळ घर कोणते, त्यात आधी कोण होते?’ हा प्रश्न कधीतरी पडतोच. त्याचे उत्तर कोठे शोधावे, याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीच्या उताऱ्यावर घराचा इतिहास सापडेल, असे पुष्कळांना वाटते. १८१७ साली हा प्रांत पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि १८४०च्या दशकात विंगेट यांच्या देखरेखीखाली येथे पाहणी झाली. पण ती शेतांची. गावठाणातील घराला शेतसारा नसल्यामुळे त्याला सर्व्हे नंबरही पडला नाही. १९०३च्या कायद्याने सुरू झालेले हक्कनोंदणीचे दप्तरही मुख्यतः शेतजमिनीचेच. त्यामुळे शेताचे वारस पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक सांगता येतात आणि त्याच कुटुंबाच्या घराविषयी मात्र कागद मौन धरतो.

मग उरतात ती खते. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र. १८६५पासून नोंदणीची आधुनिक पद्धत सुरू झाल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत या दस्तांच्या सूच्या राहू लागल्या. एक माणसांच्या नावांवरून, दुसरी मिळकतीच्या गावावरून. ज्याला पूर्वमालकाचे नावच ठाऊक नाही, त्याने दुसरी सूची हाती घ्यावी. जुने दस्त बहुधा मोडीत असतात. कन्नड मुलखातले मराठी दप्तर ही इंग्रजी अमदानीतही बराच काळ टिकलेली गोष्ट आहे. त्यांवरील सनावळीही सांभाळून वाचावी लागते. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावेत, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१, शकात ७८ किंवा ७९. एवढे न केल्याने आजोबा नातवापेक्षा धाकटे ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत!

स्वतःच्या घराचे खत हरवले असेल तर निराश होण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचे खत मागून पाहावे. प्रत्येक खतात चतुःसीमा लिहिलेली असते : पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस तमक्याचे परडे. शेजाऱ्याच्या पश्चिमेस ज्याचे नाव, तोच त्या वर्षी आपल्या घराचा धनी. चारी बाजूंच्या घरांची निरनिराळ्या काळची खते मिळाली तर मधल्या घराची मालकी एकही अस्सल कागद हाती नसताना बरीचशी उभी करता येते. माझ्या मते या सगळ्या उद्योगातील ही सर्वांत फलदायी वाट होय. मात्र कारकून जुन्या खतावरून चतुःसीमा जशीच्या तशी उतरवून घेत असत, म्हणून मेलेला माणूस पुढे वीस-वीस वर्षे शेजारी म्हणून नांदताना दिसतो. एका खतावर विसंबू नये.

गहाणाचीही एक मेख आहे. मुदतीच्या खरेदीखताने नाव सावकाराचे लागते, कुटुंब मात्र त्याच चुलीवर स्वयंपाक करीत असते. येथे मालक आणि राहणारा यांची फारकत होते. टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला तो गोरे यांच्या घरात. आज ती वास्तू टिळकांच्या नावाने ओळखली जाते. खेड्यातील घरांचे नेमके उलट होते. स्मरणात राहतो तो खातेदार. भाडेकरू, आश्रयाला आलेली विधवा बहीण, पडवीत राहणारा गडी यांची नावे कोणी सांगत नाही.

गोमंतकातील मूळ घरांबाबत तर हा विचार अधिकच केला पाहिजे. तेथे पोर्तुगीज अमदानीतील मिळकत-नोंदणीची पुस्तके आहेत, नोटरींची दस्त-पुस्तके आहेत, वारसांच्या वाटणीचे ‘इन्वेंटार’ आहेत. १८७०पासून लागू झालेल्या दिवाणी संहितेमुळे त्यांत पत्नीचे नावही आढळते, जे आपल्याकडच्या खतांत क्वचितच भेटते. देवस्थानांच्या १८८६ आणि १९३३च्या नियमावलींमुळे महाजनांच्या याद्या झाल्या, त्यांतून कुळांचा धागा लागतो. परंतु कुळे देशांतराला गेल्यावर ते घर, ती पोफळीची बाग ज्यांनी राखली ते मुंडकार कोणत्या यादीत आहेत? १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यांच्या राहत्या घराला संरक्षण दिले. आपल्या मूळ घराचा इतिहास लिहिताना त्यांना वगळले तर मधली शे-दीडशे वर्षे कोरीच राहतील, आणि ती कोरी नव्हती.

राहणाऱ्यांचा शोध अन्य ठिकाणी लागतो. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखलपुस्तक, १९५१-५२च्या निवडणुकीपासूनच्या घरक्रमवार मतदारयाद्या, आणि गोकर्ण, नाशिक, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. १८९८ साली हुबळीत प्लेगने कहर केला. त्या सुमारास ज्या घराची नोंद एकाएकी तुटते, तेथे विक्रीचा कागद शोधण्याआधी मृत्यूची नोंद पाहावी. इनामाचे घर असेल तर पुण्याच्या पेशवे दप्तरात ठेवलेले इनाम कमिशनचे कागद चाळावेत. ती चौकशी या दक्षिण मराठा मुलखातच १८४३ साली सुरू झाली होती.

यांपैकी कचेरीतील कागद आणखी काही वर्षे थांबू शकतील. घरातील वृद्ध स्त्रियांना मात्र आधी विचारावे. कोणत्या खोलीत कोण बाळंत झाली, परसातली विहीर कोणाबरोबर सामाईक होती, मधली भिंत कोणत्या भांडणानंतर उठली, हे कोणत्याच खतात लिहिलेले नसते. आणि वाटणीपत्रातील ‘मधले घर’ म्हणजे नेमके कोणते, हे त्यांनी सांगितल्यावाचून कळत नाही.